जेंटामायसिन, अमिकासिन सुरू असताना कानातील तोल कसा जपावा

मधुमेहामुळे माझ्या वडिलांच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा त्यांना १४ दिवस जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने देण्यात आली. जखम भरली, ताप उतरला आणि आम्ही समाधानाने घरी निघालो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि म्हणाले, "समोरच्या पाट्या नाचतात रे." अंथरुणात पडून आलेला अशक्तपणा असेल, असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. त्यांना ऐकू व्यवस्थित येत होते, खोली गरगर फिरत नव्हती, त्यामुळे कानाचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. नेमके निदान व्हायला चार महिने लागले, आणि तोवर अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या पेशी कायमच्या नष्ट झालेल्या होत्या.

जेंटामायसिन, अमिकासिन यांसारख्या औषधांनी मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. मूत्रपिंडासाठी रक्त तपासतात आणि कानासाठी "ऐकू येते ना?" असे विचारतात. तोलाची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही, आणि पडून असलेल्या रुग्णाला आपला तोल गेला आहे हे स्वतःलाही कळत नाही. म्हणून ही चौकशी रुग्णाजवळ बसलेल्या माणसाने रोज केली पाहिजे. ती कशी करावी, डॉक्टरांना काय विचारावे आणि लक्षण दिसल्यास काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कोणत्या औषधांबाबत सावध राहावे

धोका सर्व प्रतिजैविकांचा नाही. तो अमिनोग्लायकोसाइड या एका गटाचा आहे. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, कानामायसिन, टोब्रामायसिन, नेटिलमायसिन आणि निओमायसिन ही या गटातील नेहमीची नावे होत. नावाच्या शेवटी "मायसिन" आहे एवढ्यावरून गट ठरवू नये, कारण अझिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन या गटात मोडत नाहीत, तर अमिकासिन मोडते. वरील सात नावे कागदावर लिहून जवळ ठेवलेली बरी. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन मुख्यतः तोलाच्या पेशींना मारतात, तर अमिकासिन, कानामायसिन आणि निओमायसिन मुख्यतः ऐकण्याच्या पेशींना. पण ही विभागणी काटेकोर नाही, त्यामुळे कोणतेही औषध असले तरी दोन्हींकडे लक्ष ठेवावे.

ही औषधे टाळण्याजोगी आहेत असा अर्थ कृपया काढू नये. रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गात, हृदयाच्या झडपेच्या संसर्गात आणि नवजात बाळांच्या गंभीर आजारात त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. प्रश्न त्यांच्या गरजेचा, दिवसांचा आणि देखरेखीचा आहे.

या पेशी कशा मरतात

प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतील रोमपेशींच्या टोकांवर सूक्ष्म केसांचे झुपके असतात. डोके हलले की आतील द्रव हलतो, झुपके वाकतात, त्यांच्या टोकांवरील बारीक दारे उघडतात आणि मेंदूला खबर जाते. त्या खबरीवरून मेंदू सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलट दिशेला वळवतो, आणि म्हणूनच चालताना आपल्याला जग स्थिर दिसते.

दुर्दैवाने औषधाचे रेणू त्याच दारांतून आत शिरतात आणि आतच अडकून राहतात. जिवाणूंमध्ये प्रथिने बनवणारी जी यंत्रणा हे औषध बंद पाडते, तिच्याशी मिळतीजुळती यंत्रणा आपल्या पेशींच्या ऊर्जाकेंद्रांतही असते. तिथे बिघाड होतो, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू साठतात आणि पेशी मरते. पक्ष्यांमध्ये मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या येतात. माणसात तोल परत मिळावा इतक्या त्या येत नाहीत. रक्तातून औषध निघून गेल्यावरही अंतर्कर्णात ते आठवडे-महिने राहू शकते, त्यामुळे शेवटच्या इंजेक्शननंतरही नुकसान वाढत जाऊ शकते.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी लावला, आणि क्षयाच्या सुरुवातीच्या रुग्णांतच तोल बिघडल्याचे डॉक्टरांना दिसून आले. गुडघ्याच्या क्षयासाठी हे औषध मिळालेल्या एका डॉक्टरने १९५२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये केवळ आद्याक्षरांनिशी स्वतःचा अनुभव लिहिला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला डोके किंचित हलते, आणि तेवढ्या हालचालीनेही त्याला पुस्तकातील अक्षरे उड्या मारताना दिसत. म्हणून खाटेच्या उशाकडील दोन गजांमध्ये डोके अडकवून तो वाचत असे. वडिलांचे निदान झाल्यावर मी हे वाचले, आणि त्यांनी वर्तमानपत्र वाचणे का सोडले होते ते मला त्या दिवशी समजले.

पहिले इंजेक्शन टोचण्यापूर्वी

रुग्ण अत्यवस्थ असेल तर प्रश्न विचारत बसण्याची ती वेळ नव्हे. पहिली मात्रा जाऊ द्यावी आणि त्याच दिवशी पुढील गोष्टी डॉक्टरांशी शांतपणे बोलून घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की या संसर्गावर दुसरे औषध चालण्यासारखे आहे का. रक्त, लघवी किंवा पू यांचे नमुने कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवले असतील, तर कोणते औषध लागू पडते याचा अहवाल साधारणपणे दोन ते तीन दिवसांत येतो. तो आल्यावर औषध बदलता येईल का, हे आवर्जून विचारावे, कारण अंदाजाने सुरू केलेले इंजेक्शन अहवाल आल्यावरही केवळ सवयीने चालू राहते. त्यासोबतच किती दिवस देणार हेही विचारून लिहून ठेवावे. दिवस वाढतात तसा धोका वाढतो. मात्र अमुक दिवसांपर्यंत निर्धास्त राहावे अशी रेषा आखता येत नाही, आणि रक्तातील प्रमाण योग्य असूनही तोल गेलेले रुग्ण आहेत.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. हे औषध जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटे बाहेर पडते. निरोगी माणसाच्या रक्तातील औषध दोन-तीन तासांत निम्मे होते, तर मूत्रपिंड निकामी असेल तर त्यालाच दोन दिवसांहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून सुरुवातीलाच क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक, तपासलेले असावे आणि मात्रा रुग्णाचे वजन, वय व क्रिएटिनिन यांवरून ठरवलेली असावी. वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर करून घ्यावे. म्हाताऱ्या, बारीक माणसांत क्रिएटिनिनचा आकडा वरकरणी चांगला दिसला तरी मूत्रपिंडाची प्रत्यक्ष क्षमता निम्म्यावर आलेली असू शकते, हे घरच्यांना क्वचितच कोणी सांगते.

तिसरी गोष्ट म्हणजे रुग्णाची पूर्वकथा, आणि ती डॉक्टरांना तुम्हीच सांगू शकता. पूर्वी या गटातील औषध घेतले आहे का? ऐकू कमी येते का, कानात आवाज येतो का, तोल जातो का? फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का, व्हॅन्कोमायसिन हे वेगळ्या गटातील प्रतिजैविक किंवा कर्करोगावरील सिस्प्लॅटिन मिळाले आहे का? ही औषधे एकत्र आली की धोका वाढतो. आईच्या बाजूच्या नात्यात कोणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आले असेल तर तेही सांगावे, कारण ऊर्जाकेंद्रांतील जनुकाचा एक दोष आईकडून मुलांत येतो आणि त्या व्यक्तींना एखाद्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते. इंग्लंडमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गालाच्या आतील स्रावावरून हा दोष २६ मिनिटांत ओळखणारी चाचणी वापरून पाहिली गेली असून तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

औषध शरीरात शिरण्याच्या आडवाटाही ध्यानात असू द्याव्यात. पोटाच्या डायलिसिसच्या द्रवात घातलेले जेंटामायसिन रक्तात उतरते. मोठ्या भाजलेल्या जखमेवर रोज लावलेले निओमायसिनचे मलमही उतरते. कानाचा पडदा फाटलेला असेल, तर जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब थेट अंतर्कर्णाच्या उंबरठ्याशी पोहोचतात. कान वाहतो म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती सोडावी, पडदा शाबूत आहे का हे आधी तपासून घ्यावे आणि नसल्यास सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब चालतील का, हे विचारावे. मेनिएरच्या आजारात असह्य चक्कर थांबवण्यासाठी कानाचे डॉक्टर मुद्दाम पडद्याआड जेंटामायसिन सोडून त्या बाजूच्या तोलाच्या पेशी बंद पाडतात, यावरून या थेंबांचे सामर्थ्य लक्षात यावे.

इंजेक्शने सुरू असताना

आठवड्यातून किमान दोन-तीन वेळा क्रिएटिनिन तपासले जाते आहे याची खात्री करावी. माझ्या वडिलांचे ते केवळ पहिल्या दिवशी झाले होते, आणि ते मी विचारायला हवे होते. जिथे सोय आहे तिथे पुढच्या मात्रेच्या अगदी आधी रक्त घेऊन औषधाचे उरलेले प्रमाण मोजतात. दिवसातून एकदा जेंटामायसिन देताना ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असावे अशी अपेक्षा असते. जुलाब, उलट्या किंवा ताप यांमुळे शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नये. लघवी कमी झाल्यास त्याच दिवशी सांगावे, दुसऱ्या दिवशीच्या राउंडची वाट पाहू नये.

आता तोलाची रोजची तपासणी. दोन्ही कान सारखेच मार खातात, त्यामुळे डावे-उजवे यांत तफावत पडत नाही आणि रुग्णाला भोवळ येत नाही. "चक्कर येते का?" या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. म्हणून प्रश्न वेगळे विचारावेत. चालताना समोरची माणसे, पाट्या हलताना दिसतात का? तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढे झोक जातो का? रात्री दिवा न लावता न्हाणीघरात जाताना भिंत धरावी लागते का? डोके पटकन वळवल्यावर नजर मागे राहते असे वाटते का? पाय फाकवून चालण्याची सवय नव्याने लागली आहे का?

यापुढची चाचणी दिनदर्शिकेवर करता येते. चांगल्या उजेडात, चष्मा लावून, रुग्णाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून अशा अंतरावर बसवावे की तारखेखालची बारीक अक्षरे त्याला जेमतेम वाचता येतील. मग त्याच्या मागे उभे राहून दोन्ही हातांनी त्याचे डोके हलक्याने डावीकडे-उजवीकडे, सेकंदाला साधारण दोनदा, थोड्याच अंशांत हलवावे आणि तीच अक्षरे वाचायला सांगावे. निरोगी माणसाला ती थोडी अवघड जातात, पण वाचता येतात. पहिल्या दिवशी वाचता येणारी बारीक अक्षरे पाचव्या दिवशी डोके हलताना पुसट होत असतील आणि केवळ मोठे आकडेच वाचता येत असतील, तर ही धोक्याची सूचना समजावी. डोळ्यांच्या तक्त्यावर हीच चाचणी करताना, डोके स्थिर असताना वाचता आलेल्या खालच्या ओळींपैकी तीन किंवा अधिक वाचता आल्या नाहीत तर डॉक्टर ती सदोष मानतात. मानेचे दुखणे असेल तर ही चाचणी घरच्यांनी करू नये. पहिल्या दिवशीची नोंद अतिशय मोलाची आहे. ती नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?

रुग्णाला परवानगी असेल तर रोज थोडे उभे करून चालवावे. पाय जुळवून, हात छातीशी घेऊन, दोन्ही बाजूंना माणसे असताना तीस सेकंद डोळे मिटून उभे राहता येते का, हे पाहावे. अंथरुणातून न उठलेल्या रुग्णाचा तोल आजारामुळे गेला की औषधामुळे, हे ओळखण्याची वेळ हातची निघून जाते.

काही बदल आढळला तर डॉक्टरांना "चक्कर येते" असे सांगू नये, कारण त्या एका शब्दावर बहुधा चक्कर थांबवणारी गोळी लिहिली जाते. ती गोळी मूळ कारण झाकते, आणि दीर्घकाळ घेतल्यास मेंदूचे नव्याने जुळवून घेणे लांबवते. "जेंटामायसिन सुरू झाल्यापासून डोके हलले की अक्षरे हलतात, अंधारात तोल जातो, तोलाच्या पेशींना इजा झाली आहे का ते पाहा," असे स्पष्ट म्हणावे. औषध परस्पर बंद करू नये, विशेषतः हृदयाच्या झडपेच्या संसर्गात. परंतु पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांनी निर्णय घ्यावा असा आग्रह धरण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि तो धरावा.

संरक्षक गोळी आहे का

हा प्रश्न मलाही पडला होता. चीनमध्ये जेंटामायसिन घेणाऱ्या रुग्णांना सोबत अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिले गेले, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात श्रवणहानी १३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलेली दिसली. डायलिसिसवरील रुग्णांत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनने श्रवण टिकण्यास मदत झाल्याचे अभ्यास आहेत. मात्र हे ऐकण्याविषयी आहे, तोलाविषयी नव्हे. शिवाय त्या अभ्यासातील अ‍ॅस्पिरिनची मात्रा रोज ३ ग्रॅम होती, आणि एवढ्या अ‍ॅस्पिरिनने आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाला व जठराला इजा होऊ शकते. म्हणून स्वतःच्या मनाने असे काहीही घेऊ नये. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तोलाच्या पेशी वाचतात, असा भरवसाही कोणी देऊ नये. आज हातात असलेली साधने म्हणजे पर्यायी औषध, कमीत कमी दिवस, योग्य मात्रा आणि रोजची देखरेख.

क्षयाच्या उपचारांत तर पर्याय खरोखरच आले आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात पूर्वी महिनोन्‌महिने कानामायसिन किंवा कॅप्रिओमायसिन (हे वेगळ्या गटातील, पण कानाला तसेच घातक) टोचावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८-१९ च्या मार्गदर्शनात ही दोन्ही बाजूला केली, आणि आपल्याकडेही बेडाक्विलीनसारख्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांवर भर आला. आजही कोणाला अमिकासिन सुचवले गेले, तर तोंडावाटे घेण्याची औषधयोजना का चालणार नाही हे विचारावे आणि श्रवणतपासणीची तारीख तिथल्या तिथे ठरवून घ्यावी. क्षय उलटल्यावर पूर्वी सरकारी कार्यक्रमात दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शने दिली जात. ज्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून अंधारात ज्यांचा तोल जातो, त्यांनी हे वय झाल्याचे लक्षण समजून गप्प बसू नये, कानाच्या डॉक्टरांना तो इतिहास सांगावा.

नुकसान झालेच तर

शेवटच्या इंजेक्शननंतर काही आठवडे वरील प्रश्न आणि दिनदर्शिकेची चाचणी चालू ठेवावी. शंका आली तर कानात थंड-गरम पाणी किंवा हवा सोडून करायची तपासणी आणि डोके झटक्यात वळवून डोळ्यांची हालचाल कॅमेऱ्याने टिपणारी तपासणी करून घ्यावी. ऐकण्याची तपासणी निर्दोष आली म्हणून तोल निर्दोष ठरत नाही. आमचे चार महिने याच गैरसमजात गेले.

मेलेल्या पेशी परत येत नसल्या, तरी मेंदू डोळे, पाय आणि मान यांच्यावर अधिक विसंबायला शिकतो, आणि ते व्यायामाने साधते. हातभर अंतरावर कार्ड धरून त्यावरील एका अक्षरावर नजर रोखावी आणि अक्षर पुसट होणार नाही इतक्या वेगाने डोके आडवे व उभे हलवावे. हे दिवसातून तीन ते पाच वेळा, एकूण वीस ते चाळीस मिनिटे करावे. वडिलांना सुरुवातीला दहा सेकंदांतच मळमळत असे. फिजिओथेरपिस्टने अक्षर मोठे केले, वेग कमी केला, आणि दीड महिन्यानंतर ते काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटे जाऊ लागले. पाट्या आजही नाचतात, पण थांबून उभे राहिले की वाचता येतात.

घरात रात्रभर मंद दिवा ठेवावा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, डोके धुताना बसून धुवावे, आणि जाड, मऊ तळव्याच्या चपलांऐवजी पातळ, घट्ट बसणारे पादत्राण वापरावे, म्हणजे पायांना जमीन कळते. विहिरीत, नदीत किंवा समुद्रात एकट्याने पोहणे पूर्ण बंद करावे, कारण पाण्याखाली डोळे मिटल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच या माणसांना उमगत नाही.

ही घटना औषधाचा दुष्परिणाम म्हणून नोंदवावी. भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा असून रुग्ण स्वतःही तिथे नोंद करू शकतो. आणि रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर, रक्तगटाच्या शेजारी, लाल शाईने लिहावे: "अमिनोग्लायकोसाइड गटातील औषध, म्हणजे जेंटामायसिन, अमिकासिन वगैरे, देऊ नये, तोलाच्या पेशींना इजा झालेली आहे." वडिलांच्या पाकिटात याच मजकुराची एक चिठ्ठी मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली आहे.